उस्मानपुऱ्यातली होडी

पुरुष माणूस मासे धरायला गेला तर त्याला कुणी विचारत नाही, का जातोस म्हणून. शौक आहे म्हणतात आणि सोडून देतात. आमच्या सिस्टरला मात्र अख्ख्या उस्मानपुऱ्यानं विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही म्हणून मग ज्यानं त्यानं आपल्या मनानं उत्तर तयार केलं. कुणी म्हणालं, हिचं गाव जायकवाडीच्या धरणात बुडालं, ते शोधायला जाते. कुणी म्हणालं, नवरा पाण्यात गेला. माझ्या बायकोनं तर एक पोर बुडाल्याचीही बातमी आणली होती. सगळं साफ खोटं! सिस्टरचं माहेर लासूर स्टेशनचं. तिथं बुडायला पाणी कुठलं? नवरा एसटीत होता, तापानं वारला, तोही घरी, खाटेवर. मूलबाळ झालंच नव्हतं.

"चांगला माणूस होता," ती सांगायची. "फक्त मासे खात नव्हता."

एकदा कुठल्याशा पेपरचा एक पोरगा आला होता. गल्लीत होडी आहे हे ऐकून आलेला. सिस्टरनं त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला. त्यानं वही उघडली आणि आवाज मऊ करून विचारलं, "मावशी, एकट्या पाण्यावर असता तेव्हा कुणाची आठवण येते?"

"गळाला काय लावायचं त्याची," सिस्टर म्हणाली.

पोरगा काही हलेना. "तरीपण, मनात काही दुःख असेल ना..."

सिस्टर उठून उभी राहिली. ती उभी राहिली की समोरच्याला आपोआप बसल्यासारखं वाटायचं, एवढी उंच. "पुरुषानं मासे धरले तर शौक, आन् बाईनं धरले तर दुःख व्हय रे? ऊठ."

त्या पोराचा चहा अर्धा तसाच राहिला. तो मीच नंतर ओतून दिला.

दारावरच्या पाटीवर तिचं नाव हिराबाई होतं, पण ते पोस्टमनलाच माहीत. सरकारी दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढलेला. रिटायर झाली तरी चाल तीच, राउंडला निघाल्यासारखी. गल्लीत कुणाला ताप आला, कुणाला कुत्रं चावलं, की डॉक्टरनं लिहून दिलेलं इंजेक्शन घेऊन माणसं तिच्याच दारात. सुई टोचायच्या आधी ती म्हणायची, "ढिलं सोडा." पुढं पुढं हे ती सगळीकडंच म्हणायला लागली. भाजीवाला भाव कमी करेना, "ढिलं सोडा." माझं बायकोशी भांडण चाललंय, खिडकीतून आवाज यायचा, "वहिनी, ढिलं सोडा!" समोर आम्ही तिला अहो-जाहो करायचो, माघारी मात्र ती 'आमची सिस्टर' आणि 'ती'. अशी माणसं थोडी असतात.

रिटायर झाल्यावर पैठणकडच्या एका जुन्या पेशंटकडं ती जेवायला गेली. ते लोक मासेमारी करणारे. त्यांनी फायबरची नवी होडी घेतली होती आणि जुनी लाकडी काठावर उपडी पडलेली होती. सिस्टरनं ती विकत घेतली. मी विचारलं, "अहो सिस्टर, हे मध्येच काय?"

"मध्येच नाय. लहानपणापासून करायचं होतं. आधी ड्युटी होती."

बस, एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण तिच्याजवळ नव्हतं आणि तिला ते लागतही नव्हतं. परवाना रीतसर काढला आणि होडी शहरात आणली. आता तुम्ही म्हणाल, धरण पैठणला, होडी तिथंच ठेवायची की! पण काठावर ठेवली की कुणीही घेऊन जातं, आणि सिस्टरला आपली वस्तू नजरेसमोर लागायची. म्हणून ट्रॉली हवी होती. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान असलेल्या हनीफभाईनं करून दिली, भंगारातल्या मेटाडोरचा मागचा एक्सल घेऊन.

"सिस्टर," तो म्हणाला, "मैंने गन्ने की ट्रॉली बनाई, कडबे की बनाई, टंकी की बनाई. नाव की पैली बार बनारा हूँ. दुआ करो."

"दुआ तू कर. मी ग्रीस आणते."

मग सुरू झालं होडीचं ऑपरेशन. सिस्टरच्या फाटकाला लागून लिंबाखाली होडी उभी. फळ्यांच्या सांध्यांतून जुना कापूस कुजून लोंबत होता. सिस्टरनं दवाखान्यातला लांब चिमटा काढला, माहेरून सरकी काढलेला कापूस मागवला, त्याच्या वाती वळल्या, तेलात बुडवल्या आणि एकेक सांधा भरत सुटली. वरून राळ. काम चालू असताना होडीजवळ चप्पल घालून जायचं नाही. तोंडात तंबाखू असेल तर लांबूनच बोलायचं. हनीफभाई दुकानातून ओरडायचा, "क्या सिस्टर, सलाईन भी लगाते क्या?" ती मान वर न करता म्हणायची, "तुला लावू का?"

आता आम्ही पडलो कोरड्या मुलखातली माणसं. लाकूड म्हणजे आम्हाला बैलगाडी माहीत, दार माहीत, खाट माहीत. लाकडाला तेल पाजायचं, पाण्यापासून जपायचं. झालं, गल्लीतल्या प्रत्येकानं हाच सल्ला दिला. सिस्टरनंही ऐकला, कारण तीही इथलीच. होडीला जवसाचं तेल पाजलं, निळा रंग दिला, ताडपत्री टाकली आणि अख्खा उन्हाळा एक थेंब लागू दिला नाही. शेजारचे नाना, आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, रोज हात फिरवून म्हणायचे, "खणखणीत वाळलीय!"

हो, खणखणीतच वाळली होती. होडी पाण्यात सोडायच्या दिवशी सगळी गल्ली पैठणला. नानांनी पांढरे कपडे घातलेले. नारळ त्यांनीच फोडला आणि मानाचे म्हणून पुढं बसले तेही तेच. होडी काठापासून जराशी आत गेली असेल नसेल, रंगाखालचे सांधे सगळीकडून गळायला लागले. वाळून वाळून फळ्या आकसल्या होत्या ना! सिस्टर बादलीनं पाणी उपसतेय, नाना "अरे, अरे" करताहेत, आणि बघता बघता होडी खाली टेकली. पाणी कमरेएवढंच होतं. नाना त्या कमरेएवढ्या पाण्यात मानाच्या जागेवर बसलेलेच राहिले. हसू नये म्हणून मी रुमाल तोंडात घातला होता, पण हनीफभाईला ते सुचलं नाही. नानांनी ते हसणं लई दिवस मनात ठेवलं.

पाण्यानं भरलेली होडी ट्रॉली ओढणाऱ्या जीपनं ओढली जाईना, म्हणून ती तिथंच सोडून आम्ही परत आलो. पुढच्या रविवारी सिस्टर हनीफभाईला घेऊन गेली, बादलीनं पाणी उपसलं, आणि होडी तरंगली. गळती नाही. बसून बघितलं, थांबून बघितलं, नाही म्हणजे नाही. परत येऊन सिस्टर भर गल्लीत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हिला कोरड पडली होती! तहानेल्या पेशंटला आपण सगळे मिळून तेल पाजत बसलो."

त्या दिवसापासून कायदा बदलला. घरी असली तरी होडी ओली पाहिजे. तळाशी ओली गोणपाटं अंथरायची आणि रोज त्यांच्यावर पाणी शिंपडायचं. "म्हातारं लाकूड हाय," सिस्टर म्हणायची. "एकदा उललं ते भरून आलं. पुन्यांदा वाळलं तर फळ्या उभ्या चिरतील. मग हिची जागा हनीफच्या चुलीत."

ट्रॉलीनंही असाच एक धडा शिकवला. आल्या आल्या तापलेली चाकं सरळ पाण्यात घातली की बेअरिंग आत पाणी ओढून घेतं आणि गंजतं, हे आम्हाला कुठं ठाऊक! परतताना बिडकीनला चाक असं काही जाम झालं की हनीफभाई रस्त्यातच बसला. तेव्हापासून काठावर पोचलं की सिस्टर आधी खाली उतरायची आणि चाकाच्या मधोमध हात ठेवायची, पोराचं कपाळ बघतात तसा. "ताप हाय अजून. चहा सांगा." ताप उतरल्याशिवाय ट्रॉली पाण्यात जायची नाही, मग हनीफभाई कितीही चडफडो.

काही वर्षं मजेत गेली. सिस्टर मरळ आणायची, चिलापी आणायची, आणि शिजवून डबे वाटायची. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्याकडं फक्त गोष्टी यायच्या. धरलेल्या माशाची आणि सुटलेल्या माशाची, आणि सुटलेला दर वेळी मोठाच असायचा.

आणि मग दुष्काळ पडला. साधासुधा नाही. धरण आटत आटत तळाशी गेलं, नुसता चिखल. शहराला पाणीही त्याच धरणाचं. नळ आज येईल, उद्या येईल करत माणसं ड्रम मांडून बसायची. टँकर आला की बायाबापड्यांच्या झोंब्या लागायच्या. अशा दिवसांत सिस्टर मात्र रोज संध्याकाळी तांब्या घेऊन होडीवर पाणी शिंपडायला उभी!

लोकांचं डोकं फिरलं, आणि का फिरू नये? माझी बायको राखेनं भांडी घासत होती. ती म्हणाली, "आमच्या तोंडाला पाणी नाही आणि बाईसाहेब होडीला आंघोळ घालताहेत." मला हे चूक वाटलं नाही. सिस्टरबद्दल माया होती, पण तहान तहान असते.

नानांना हेच पाहिजे होतं. त्यांनी ओट्यावर बैठक बोलावली. आपल्या आवडीचं एक भाषण केलं, त्यात समाज हा शब्द पुष्कळदा आला. मग सिस्टरकडं वळून म्हणाले, "बाई, धरणात पाणी नाही. होडी काय रस्त्यावर चालवणार आहात? विकून टाका, नाहीतर मोडून टाका. पण हा पाण्याचा नास बंद करा."

"पाणी माझ्या वाट्याचं हाय," सिस्टर म्हणाली. "मी त्यानं आंघोळ करीन, नायतर होडीला पाजीन. मी अंग ओल्या फडक्यानं पुसतीय, ते बघायला कुणी आलं होतं का? तुम्ही तुमच्या वाट्याच्या पाण्यानं रोज दाढी करता. मी विचारलं का, दाढी कशाला?"

"दाढीची गोष्ट वेगळी."

"का? दाढी परत येती, होडी यायची नाय."

बैठक तिथंच मोडली. पण नाना गप्प बसणारे नव्हते. टँकरवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं की सिस्टरच्या दारातला ड्रम भरायचा नाही. टँकर आला, सगळ्यांची भांडी भरली, आणि सिस्टरच्या ड्रमावरून पाइप तसाच पुढं गेला. तिनं रिकामा ड्रम आत ओढून घेतला. त्या दिवशी मला नानांचा भयंकर संताप आला.

हनीफभाई दुकानातून हे बघत होता. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरच्या, अस्रच्या नमाजानंतर तो दोन कॅन घेऊन आला. मशिदीत वजूचं पाणी नालीनं वाहून जायचं, तिथं त्यानं मौलानांना विचारून खाली टाकी ठेवली होती. हात-पाय धुतलेलं पाणी, पिण्याचं नाही, पण होडीला काय! "पिलाओ तुम्हारे पेशंट कू," तो म्हणाला. प्यायचं पाणी त्याच्या घरून यायला लागलं.

नाना लगेच हजर. "आता मशिदीचं पाणी गल्लीत आणायला लागलात?"

सिस्टर गोणपाटं भिजवत होती. ती थांबली नाही. "नाना, अपघातात तुमचं सगळं रक्त रस्त्यावर गेलं होतं, तवा मी ड्युटीला होते. बाटल्या भरून भरून तुम्हाला जे रक्त दिलं, ते कुणाचं होतं सांगू का?"

नाना आल्या पावली मागं फिरले. तिनं सांगितलं नाही, ना तेव्हा, ना नंतर कधी.

नानांचा मात्र आता इज्जतीचा सवाल झाला. रविवारी होडी उचलायची असं त्यांनी जाहीर केलं. रविवार उजाडला. नाना, त्यांच्या मागं गल्लीतले दहा-बारा बाप्ये आणि एक टेम्पो. मी माझ्या ओट्यावर उभा. सिस्टर आधीच होडीत जाऊन बसली होती. आडव्या फळीवर मांडी घालून, डोक्यावर काळी छत्री बांधून, मांडीवर फाटकं जाळं घेऊन ती टाके घालत होती.

"बाई, खाली उतरा," नाना म्हणाले.

"नाय उतरत. मला उचला, होडीसकट."

बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले. सिस्टरनं सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत सगळ्यांवरून नजर फिरवली. मग वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "माझी काय हरकत नाय. फक्त एक करा. ज्याच्या कमरेखाली मी कधी सुई टोचली नाय, त्यानं आधी पुढं व्हावं."

काय सांगू तुम्हाला! टेम्पोवाला बाहेरचा होता, तो सोडून एकही माणूस हलला नाही. माझा स्वतःचा हात आपोआप मागं गेला, आणि मी तर भांडणातही नव्हतो. आधी हनीफभाई हसला, मग बाया हसल्या. बाप्ये कामं आठवून पांगले. नाना एकटेच उभे राहिले, मग तेही गेले. टेम्पोवाला बिचारा विचारत होता, भाडं कोण देणार.

त्याच संध्याकाळी सिस्टर आमच्या दारात आली. "वहिनी," ती माझ्या बायकोला म्हणाली, "माझ्या नळाला पाणी येईल ते आता तुम्ही घेत जा. होडीची सोय लागलीय." बायको आधी नको म्हणाली, मग ढसाढसा रडली, आणि मग घागर घेऊन गेली. तेव्हापासून सिस्टरविरुद्ध एक शब्द तिनं ऐकून घेतला नाही.

आमच्याकडचं आभाळ त्या साली कोरडंच राहिलं. पाऊस झाला तो वर, नाशकाकडं. तिकडून गोदावरी भरून आली आणि इकडं भर उन्हात धरण चढायला लागलं. सिस्टर रोज पेपरातली पाणीपातळी मोठ्यानं वाचायची, नानांना ऐकू जाईल अशी. पण तोवर तिच्या छातीनं दगा द्यायला सुरुवात केली होती. जिना चढली की दम लागायचा. डॉक्टरनं वल्ही मारायला साफ मनाई केली. "त्याला सुई धरायला मीच शिकवलंय," ती म्हणाली, आणि ट्रॉलीच्या चाकांना ग्रीस भरायला बसली. मी म्हटलं, "सिस्टर, एखादा माणूस घ्या ना वल्हवायला." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी ग्रीसचा डबा धरून तिच्याशेजारी बसलो.

ती निघाली तेव्हा तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. तरी आम्ही गेलोच, कुणी जीपमध्ये, कुणी रिक्षात. नानाही आले. कसे आले, कुणाबरोबर आले, मी विचारलं नाही. काठावर पोचल्यावर सिस्टरनं चाकाला हात लावला, चहा झाला, ताप उतरला. ट्रॉली मागं मागं सरकत पाण्यात गेली आणि होडी मोकळी झाली.  सगळ्यांचे डोळे तळाकडं. तो दुष्काळ त्या होडीनं कसा काढला होता ते आम्ही बघितलं होतं, आणि आता एकेका सांध्यातून काय येतं ते बघायचं होतं. सिस्टर धरून धरून चढली, बसली. गोणपाटं बाजूला सारून तळ फडक्यानं पुसून घेतला आणि जरा थांबली. मग वाकून तळाच्या फळीवर पालथा, उताणा हात घासला आणि तो आमच्यासमोर उंच धरला.

"कोरडा!" ती ओरडली. हनीफभाईनं डोळे पुसले आणि उगाचच जीपच्या बॉनेटवर एक गुद्दा मारला.

त्यानंतर सिस्टर काही वर्षं होती. शेवटी खाटेला खिळली, नाकात नळी होती. मी रोज जाऊन बसायचो, पण ते सांगायला मी बसलेलो नाही. दवाखान्यातली सिस्टर तुम्ही कुठंही बघाल. मला आठवते ती त्या दिवशीची.

तिनं वल्ही पाण्यात घातली. नाना पाण्यात गुडघाभर शिरले आणि ओरडले, "सिस्टर, काठाकाठानं राहा! आत जाऊ नका! ऐकताय ना?" तिनं ऐकलं. होडीचं तोंड फिरवलं आणि सरळ मधोमध, जिथं पलीकडचा काठ दिसत नाही तिकडं धरलं. वल्ही मारणाऱ्या माणसाचं तोंड काठाकडं असतं, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आपल्यातून जाणारं माणूस पाठ दाखवून जातं. सिस्टर आमच्याकडं तोंड करून जात होती. दम लागलेला दिसत होता. दर दोन-चार वल्ह्यांनंतर ती थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि परत सुरू व्हायची. नाना ओरडतच होते, "बास! आता फिरा माघारी!" आणि सिस्टर त्यांच्या तोंडाकडं बघत बघत, एकेक वल्हं मारत, आणखी आत जात होती.